उभ्या गाडीचं दुखणं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

जुनी आलिशान मोटार घ्यायचं ज्यांच्या मनात असतं, ते कधीकधी माझ्याकडे सल्ला विचारायला येतात. त्यांना मी सगळ्यात आधी विचारतो, ''ती गाडी शेवटची कधी चालली होती?'' मॉडेल कोणत्या सालचं, किती किलोमीटर पळाली, रंग कसा आहे, हे सगळं नंतर. माझ्याकडे १९९६ सालची एक मर्सिडीज आहे. शिरूरसारख्या गावात निवृत्त शिक्षकाच्या दारात अशी गाडी दिसली, की माणसं थबकतात आणि हमखास विचारतात, ''सर, केवढ्याला पडली?'' या प्रश्नाचं खरं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. आज ते जरा सविस्तर देतो.

या गाडीचं वेड मला लागलं ते ट्रकमुळे. माझे वडील ट्रक चालवायचे. दौंडच्या रेल्वे मालधक्क्यावर खताच्या आणि सिमेंटच्या गोण्या भरायच्या आणि शिरूरच्या बाजूला पोचवायच्या, हे त्यांचं काम. त्या ट्रकच्या तोंडावर तीन टोकांची चांदणी होती. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली होती. १९६९ मध्ये तो करार संपला आणि नव्या ट्रकांवरची चांदणी गेली. वडील मात्र ती चांदणी रोज सकाळी फडक्याने पुसायचे. तशीच चांदणी मोटारीवरही असते, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

पुढे १९९४ मध्ये टेल्को आणि डाइमलर-बेंझ पुन्हा एकत्र आले आणि १९९५ पासून पिंपरीला टेल्कोच्या आवारात मर्सिडीजची ई-क्लास मोटार जुळवली जाऊ लागली. चाकणचा कारखाना त्यानंतरचा, २००९ सालचा. म्हणजे मी ज्या गाडीबद्दल बोलतोय, ती मूळची जर्मन असली तरी जुळवली गेली आपल्याच जिल्ह्यात. जाणकार तिला 'डब्ल्यू-१२४' म्हणतात. १९८४ ते १९९७ या काळात जगभरात अशा पंचवीस लाखांहून अधिक गाड्या बनल्या. आपल्याकडे मारुती आठशे दोन लाखांच्या आसपास मिळायची, त्या काळात हिची किंमत तिच्या दसपटीच्या घरात होती. आज तीच गाडी एखाद्या नव्या छोट्या मोटारीपेक्षाही कमी पैशांत मिळते, आणि माणूस फसतो तो तिथेच.

आधी एक गैरसमज दूर करतो. जुनी दिसली की आपण सरसकट 'विंटेज' म्हणतो. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते, ती खरी विंटेज. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत याची व्याख्याच करून टाकली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली आणि मोठे फेरफार न केलेली खासगी गाडी म्हणजे विंटेज. तिला 'व्हीए' अक्षरं असलेला वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये आणि नोंदणीची मुदत दहा वर्षं. मात्र ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणायची. या हिशेबाने माझी गाडी २०४६ मध्ये विंटेज होईल. तेव्हा मी असलो, तर अठ्ठ्याऐंशी वर्षांचा असेन. तोवर ती कायद्याच्या दृष्टीने एक जुनी मोटार आहे आणि इतर जुन्या मोटारींचे सगळे नियम तिला लागू आहेत.

२०१८ मध्ये मी गाडी शोधायला लागलो. पहिली पाहिली ती पुण्यात. पेट्रोलवर चालणारी, काळीभोर, आरशासारखी चकाकणारी. मन लगेच तिच्यावर बसलं. माझ्याबरोबर माझा एक जुना विद्यार्थी होता, तो मोटारींच्या वायरिंगचं काम करतो. त्याने बॉनेट उघडलं आणि इंजिनाजवळची एक वायर दोन बोटांत धरून हलकेच वाकवली. वरचं आवरण शेवेसारखं तुटून त्याच्या हातात आलं. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात या कंपनीने काही इंजिनांच्या वायरींना पर्यावरणाचा विचार करून, पुढे कुजून जाईल असं आवरण दिलं होतं. इंजिनाच्या उष्णतेने ते वेळेआधीच कोरडं पडून गळतं. तारा उघड्या पडतात, एकमेकींना चिकटतात आणि नियंत्रणाचा महागडा संगणक जळू शकतो. विकणाऱ्याने रंगावर खर्च केला होता, वायरींवर नाही. तिथे मला पहिला धडा मिळाला. जपलेली गाडी वेगळी आणि सजवलेली गाडी वेगळी. ताजा रंग दिसला, की आधी विचारावं, ''हा द्यावा का लागला?''

दुसरी गाडी दौंडजवळच्या एका बागायतदाराच्या घरी मिळाली. मूळ मालक २०१२ मध्ये वारले होते. मुलं पुण्याला. घरी वहिनी एकट्या. गाडी डिझेलची, पाच सिलिंडरची, अडीच लिटर इंजिनाची. रंग उन्हाने फिका पडलेला, पुढच्या बंपरला ओरखडा. ती गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती आणि बॉनेटवर कोंबड्यांच्या पायांचे ठसे होते. खरं सांगायचं तर पाहताक्षणी मन खट्टू झालं. मग वहिनींनी गाडीच्या खणातून एक लांबोळकी वही काढून माझ्या हातात दिली.

ती त्यांच्या ड्रायव्हरकाकांची वही होती. १९९६ पासून दर ऑइल बदलाची तारीख, किलोमीटर, फिल्टर, हवा, बॅटरीचं पाणी, कुठला भाग कधी बदलला, सगळं एकाच हस्ताक्षरात. मालक गेल्यावरही काका दर गुरुवारी गाडी काढायचे आणि पाटसपर्यंत एक फेरी मारून आणायचे. त्याचीही नोंद होती. २०१६च्या मे महिन्यात नोंदी थांबल्या. काका थकून आपल्या गावी गेले होते. तेव्हापासून गाडी उभी. मी पाहिली तेव्हा २०१९चा जानेवारी होता.

ती वही पाहून मी गाडी घेतली. तीन लाख दहा हजारांना सौदा झाला. निर्णय बरोबरच होता, पण वहीतल्या शेवटच्या कोऱ्या पानांचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. काकांनी वीस वर्षं जपलेल्या गाडीचं जेवढं नुकसान चालून झालं नव्हतं, तेवढं पुढच्या पावणेतीन वर्षांत नुसतं उभं राहून झालं होतं.

याचं कारण आपल्या हवेत आहे. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेचे. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस. मुंबई-कोकणातली गाडी खाऱ्या हवेने पत्र्यातून गंजते, तशी आपल्याकडची गंजत नाही. म्हणून मुंबईचे लोक आपल्या भागातल्या जुन्या गाड्या आवडीने पाहतात. पण आपला उन्हाळा रबराचा शत्रू आहे. रबर हलत राहिलं, दबत-सुटत राहिलं तर बरेच दिवस टिकतं. एका जागी दाबून ठेवलं, वरून उन्हाची धग दिली, तर ते कडक होतं, चिरतं. आणि मोटारीत रबर किती ठिकाणी असतं, याची मोजदाद आपण कधी करत नाही. टायर, ब्रेकच्या नळ्या, रेडिएटरचे पाइप, डिझेलच्या नळ्या, चाकांच्या जोडणीतले बुश, इंजिन ज्यावर बसतं ते ठोकळे, दारांच्या कडा, काचांच्या कडा. लोखंड शाबूत आणि रबर मेलेलं, ही आपल्या भागातल्या जुन्या गाडीची खरी प्रकृती. वरून पाहणाऱ्याला ती ठणठणीत वाटते.

आता घेताना काय पाहावं ते सांगतो. पहिली अट, इंजिन थंड असताना गाडी पाहायची. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावं, की मी यायच्या आधी सेल्फ मारू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करावी. डिझेल इंजिन थंडीत सुरू व्हायला किती वेळ घेतं, धूर कोणत्या रंगाचा आणि किती वेळ येतो, यावरून निम्मी परीक्षा होते. निळसर धूर येतच राहिला, तर इंजिन ऑइल खातंय. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण अलगद उघडावं. आतून जोराचा फुंकारा आला, तर सिलिंडर झिजलेत. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तर हेड गॅस्केट गेलंय असं धरून चालावं. फक्त ते झाकण इंजिन थंड असतानाच उघडायचं, नाहीतर वाफेने हात भाजतो.

दुसरी पाहणी पत्र्याची. खिशात एक लोहचुंबक ठेवावं, त्याला पातळ कापड गुंडाळावं. ज्या जागी चुंबक धरत नाही, तिथे पुट्टी भरलेली असते. या मॉडेलमध्ये दारांखाली प्लॅस्टिकच्या रुंद पट्ट्या असतात. गंज त्यांच्या मागे, जॅक लावायच्या जागी लपतो. डिकीतली स्टेपनी उचलून खालचा खळगा पाहावा, आणि पायाखालचा गालिचा उचलून ओल चाचपावी. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचं चिन्ह असतं. एखादीच काच वेगळी निघाली, तर त्या बाजूला कधीतरी ठोकर बसलेली असू शकते. किलोमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नये. या गाड्यांत तो आकडा फिरवणारं चाक पुष्कळदा बंद पडतं. त्यापेक्षा ब्रेकच्या पायपट्टीचं रबर, स्टिअरिंग आणि ड्रायव्हरची गादी किती झिजलीय ते पाहावं.

तिसरी पाहणी कागदांची, आणि ती गाडीइतकीच बारकाईने करावी. चासीवरचा नंबर आणि आरसी बुकातला नंबर अंक-अंक जुळवून पाहावा. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. माझ्या गाडीचं नूतनीकरण २०११ मध्ये झालं होतं आणि २०१६ मध्ये संपलं होतं. त्यातून मालक हयात नव्हते. म्हणजे आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या, म्हणजे वहिनींच्या नावावर करायची, मग फॉर्म २९ आणि ३० भरून माझ्या नावावर, आणि फॉर्म २५ वर नूतनीकरण. शिवाय पर्यावरण कर, विमा, पीयूसी. जुन्या कर्जाचा बोजा चढवलेला असेल, तर बँकेचा फॉर्म ३५ आधी मागून घ्यावा. पैसे पूर्ण देऊन मग कागदांच्या मागे धावायचं, असं कधी करू नये. मी निम्मी रक्कम नाव चढल्यावर दिली. वहिनी म्हणाल्या, ''तुम्ही हिशेबाने चाललात ते बरं, मालकांनाही असंच आवडायचं.''

नूतनीकरणाचं शुल्कही आता पूर्वीसारखं नाही. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ते सहाशेवरून पाच हजार झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी दहा हजार झालं. बाहेरून आयात केलेली गाडी असेल, तर वीस वर्षांपुढे ऐंशी हजार. माझी गाडी पिंपरीत जुळवलेली, याचा असाही फायदा. आयात केलेली जुनी गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून जो भुलेल, त्याने हा आकडा आधी लिहून ठेवावा.

गाडीची नोंदणी संपलेली असल्याने ती रस्त्यावर चालवता येत नव्हती. ट्रकवर चढवून शिरूरला आणली. आणि इथून माझ्या चुका सुरू झाल्या.

मी सगळ्यात आधी एसी दुरुस्त केला. सत्तावीस हजार. मग पॉलिश. गल्लीतल्या लोकांना दाखवायची होती ना! कागदपत्रं झाली, गाडी रस्त्यावर आली. ज्याच्याकडे काम दिलं होतं त्याला मी ब्रेकच्या नळ्यांचं विचारलं. त्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, ''बाहेरून एक चीर नाही सर, अजून दोन वर्षं जातील.'' मलाही तेच ऐकायचं होतं.

डिसेंबरमधली संध्याकाळ. गळीत हंगाम जोरात. मी, आमची सौभाग्यवती आणि मागे सात वर्षांची नात, दौंडहून परत येत होतो. पाटस, चौफुला, पारगावचा भीमेवरचा पूल ओलांडून न्हावऱ्याच्या अलीकडे आलो. समोर उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर रस्त्यातच थांबलेला, मागे ना दिवा ना तांबडी पट्टी. मी जोरात ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी फाडकन उजवीकडे ओढली गेली, थेट समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला. त्या क्षणी समोरून कोणी येत नव्हतं. आम्ही वाचलो, त्याला दुसरं काही कारण नाही. गाडी ट्रॅक्टरच्या पलीकडे शेताच्या कडेला जाऊन थांबली. नात रडायला लागली. सौ. काहीच बोलली नाही. घरी पोचेपर्यंत बोलली नाही.

नंतर नळी कापून पाहिली. बाहेरून खरोखरच एक चीर नव्हती. आतलं रबर मात्र फुगून नळीचं भोक सुईएवढं झालं होतं. डाव्या चाकाला ब्रेकचं तेल वेळेवर पोचतच नव्हतं, उजवं चाक एकटं धरत होतं, म्हणून गाडी उजवीकडे गेली. कधीकधी याच दुखण्यात उलटंही होतं. तेल आत जातं पण परत येत नाही, ब्रेक धरूनच राहतो आणि चाक तापतं. थोडं चालवून थांबल्यावर एखादं चाक इतरांपेक्षा फार गरम लागलं, तर हेच समजावं. काम करणाऱ्याला मी दोष देत नाही. विचारणारा मी होतो आणि पैसे एसीवर घालणाराही मीच.

त्या रात्री मी काकांच्या वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर कामाचा क्रम लिहिला. तोच तुम्हाला सांगतो. आधी थांबणं, मग वळणं, मग थंड राहणं, मग पळणं, आणि सगळ्यात शेवटी दिसणं.

थांबणं म्हणजे ब्रेक आणि टायर. ब्रेकच्या सगळ्या रबरी नळ्या, मास्टर सिलिंडरचं किट, पॅड नवे. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '१४०९' म्हणजे २००९ सालचा चौदावा आठवडा. माझ्या गाडीवर अगदी हेच आकडे होते. नक्षी नव्यासारखी, वय दहा वर्षं. असा टायर उन्हाळ्यात नगर रस्त्यावर फुटायला किती वेळ लागतो! सुदैवाने या गाडीचा पंधरा इंचांचा टायर साध्या दुकानातही मिळतो.

वळणं म्हणजे बॉल जॉइंट आणि बुश. थंड राहणं म्हणजे रेडिएटर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, रबरी पाइप. इथे आपल्या भागाची एक खास गोष्ट सांगतो. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीही घालू नका. आपल्या बोअरच्या पाण्याने माठाला आणि बादलीला पांढरे थर चढतात, तेच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतात. मग मे महिन्यात गाडी तापते आणि लोक म्हणतात, जर्मन गाडी आपल्याकडे चालत नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, बस्स.

पळणं म्हणजे इंजिन. माझ्या इंजिनाला ऑइल, फिल्टर, डिझेलच्या नळ्या आणि पंप-नोझलची सफाई यापलीकडे काही लागलं नाही. त्याचा पंप पूर्ण यांत्रिक, ट्रक-ट्रॅक्टरच्या जातीचा. आमच्या इथल्या पंप-नोझलच्या मिस्त्रीने पाहिला आणि म्हणाला, ''हे तर आपलंच काम आहे.'' तालुक्याच्या गावात राहणाऱ्याने डिझेल घ्यावी की पेट्रोल, याचं माझं उत्तर यातच आलं. जुन्या पेट्रोल गाड्यांना आता आणखी एक काळजी आहे. २०२५ पर्यंत पेट्रोलमधलं इथेनॉल वीस टक्क्यांवर पोचलं. आपल्याच उसाचं इथेनॉल ते, पण जुन्या काळच्या रबरी नळ्यांना मानवत नाही. पेट्रोल गाडी असेल, तर त्या नळ्या आजच्या इंधनाला चालतील अशा बदलून घ्याव्यात.

एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. या गाडीच्या डिझेल इंजिनाला बंद करायचं काम विजेचं नाही, निर्वाताचं, म्हणजे व्हॅक्यूमचं आहे. एकदा दौंडला किल्ली काढून मी खाली उतरलो तरी इंजिन आपलं चालूच! लोक जमले. बॉनेटखाली पंपावर हाताने दाबायचा 'स्टॉप'चा एक खटका असतो, तो मला तेव्हा माहीत नव्हता. गर्दीतून रेल्वेतले एक निवृत्त फिटर पुढे आले. दौंड पडलं जंक्शन, जुन्या गाड्यांच्या व्हॅक्यूम ब्रेकवर त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी कानाला रबरी नळी लावून ऐकलं, एकेक फाटा बोटाने बंद करत गेले, आणि वीस मिनिटांत गळती सापडली. कुठेतरी हवा शिरते म्हणून इंजिन बंद होत नाही, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. त्यांनी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. जुन्या गाडीला शहरातलं मोठं वर्कशॉपच लागतं असं नाही. पण कोणतं काम कोणाला येतं, हे आपल्याला कळावं लागतं. मी पुस्तक विकत घेऊन वाचलं, ते उगाच नाही. सुट्या भागांचंही तसंच. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून दाराची मूठ, दिव्याची काच, आतली बटणं खुशाल आणावीत. ब्रेक आणि स्टिअरिंगचा भाग मात्र जुना आणू नये आणि त्यात जुगाडही करू नये.

आता रोजचं सांभाळणं. गाडी आठवड्यातून एकदा तरी तीस-चाळीस किलोमीटर चालवावी. दारात उभी करून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवणं म्हणजे चालवणं नव्हे. त्याने इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि बुश-टायर तर जागच्या जागीच राहतात. लांब उभी ठेवायची वेळ आली, तर टाकी भरून ठेवावी, टायरमध्ये हवा थोडी जास्त भरावी आणि हँडब्रेक न लावता चाकांना दगड लावावेत. प्लॅस्टिकचं झाकण घालू नये, आत ओल धरते. सुती आच्छादन बरं. आणि कडबा, धान्य, कांद्याची चाळ यांच्या शेजारी गाडी ठेवू नये. तिथे उंदीर असणारच, आणि वायरींची चव त्यांना लवकर लागते. जमल्यास पूर्व-पश्चिम उन्हापासून आडोसा करावा. पुढचा डॅशबोर्ड एकदा तडकला, की तो जुळत नाही.

शेवटी हिशेब. पहिल्या दीड वर्षात दुरुस्ती आणि कागदपत्रं मिळून एक लाख चौऱ्याण्णव हजार लागले. टायर, ब्रेक, बुश, पाण्याचे पाइप, दारांच्या कडा, व्हॅक्यूमच्या नळ्या, एवढ्यावरच त्यातले एक लाख छत्तीस हजार गेले. म्हणजे सत्तर टक्के. यातलं जवळजवळ सगळं गाडी उभी राहिल्याचं देणं होतं. काका आणखी तीन वर्षं थांबले असते, तर त्यातलं पुष्कळ वाचलं असतं. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने किमतीच्या निम्मी-पाऊण रक्कम बाजूला काढून ठेवावी. ती नसेल, तर गाडी घेऊ नये, कितीही स्वस्त मिळो. आणि ज्यांच्या घरी वडिलांची जुनी गाडी शेडमध्ये उभी आहे, त्यांना विनंती, की एक तर ती चालवा, नाही तर चालवणाऱ्याला द्या. आठवण म्हणून उभी ठेवाल, तर काही वर्षांत भंगार उरेल.

त्या डिसेंबरनंतर सौ. आठ महिने या गाडीत बसली नाही. ब्रेकचं सगळं काम झाल्यावर मी एकटाच न्हावऱ्यापर्यंत जाऊन यायचो. पुढच्या ऑगस्टमध्ये एका रविवारी ती स्वतःच येऊन पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, ''आधी इथेच, रिकाम्या रस्त्यावर, जोरात ब्रेक मारून दाखवा.'' दाखवला. गाडी सरळ रेषेत थांबली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी आम्ही दोघं निघतो, परत आल्यावर वहीत किलोमीटर लिहितो. आता ते काम नात करते.

तर केवढ्याला पडली? तीन लाख दहा हजार आणि एक लाख चौऱ्याण्णव हजार, एकूण पाच लाख चार हजार. आणि त्यावर दर रविवारचा एक तास. पैसे एकदाच द्यावे लागले. तो तास मात्र चुकवता येत नाही.